हात आवरायचं काम

बाळंतपणाच्या खोलीत मी जे काम शिकले, त्यातलं निम्मं काही न करण्याचं होतं. डोकं बाहेर आलं की नवशिकीचे हात आपसूक पुढे होतात, ओढावंसं वाटतं. पण पुढची कळ येईपर्यंत थांबायचं असतं. तेवढ्यात बाळ आपणहून मान वळवतं, आत खांदे फिरतात आणि वाट मोकळी होते. ते मिनिट फार लांबतं. खोलीतला प्रत्येक जण तुमच्या तोंडाकडे बघत असतो आणि तुम्ही नुसत्या उभ्या. मिरजेला नर्सिंग करताना आमच्या सिस्टर आम्हाला हात मागे घेऊन उभं करायच्या आणि म्हणायच्या, "आधी बघायला शिका."

पुढे लग्न होऊन लेस्टरला आले, इथल्या पद्धतीनं मिडवाइफचं शिक्षण घेतलं, तर इथेही वाद तोच. हात लावून आधार द्यावा, की हात तयार ठेवून लांबच थांबावं? ह्या प्रश्नावर इंग्लंडात साडेपाच हजारांच्या आसपास बाळंतिणींची मोठी चाचणी झाली आणि १९९८ साली तिचे निष्कर्ष छापून आले. फरक थोडकाच निघाला, आणि जो निघाला तो हात लावणाऱ्यांच्या बाजूचा: दहाव्या दिवशी त्या बायकांचं दुखणं जरासं कमी होतं. थांबण्याच्या बाजूच्या आम्ही जणी त्या 'जरासं'वर बोट ठेवून बसलो आणि वाद पुढे चालूच राहिला.

निवृत्तीनंतर ह्यातून सुटका होईल असं वाटलं होतं. २०२२च्या उन्हाळ्यानं ती होऊ दिली नाही.

आम्ही ओडबीला राहतो, लेस्टरला लागूनच. जोडघर आहे, मागे लांबुळकी बाग, टोकाला लाकडी शेड, एका बाजूला हॉथॉर्नचं कुंपण. लेस्टर एके काळी मोजे आणि विणलेल्या कपड्यांच्या कारखान्यांचं गाव होतं. आमच्या ह्यांनी विणकामाची यंत्रं दुरुस्त करण्यात सगळी नोकरी काढली आणि तो धंदा डोळ्यांदेखत आटताना पाहिला. त्यामुळे आमच्या घरात दोन स्वभाव नांदतात. काही वेगळं दिसलं की मी थांबते आणि हे स्क्रू ड्रायव्हर शोधायला जातात. नोकरीत असताना दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून भांडायला सवड नव्हती. आता दिवसभर बागेत समोरासमोर.

जूनमध्ये ह्यांनी ठरवलं की शेडमागचा लाकडांचा ढीग हलवायचा. जुन्या फळ्या, छाटलेल्या फांद्या, त्यावर वर्षानुवर्षांचा पाला. पहिली फळी उचलायच्या आत मी ओरडले. रात्रीच्या कॅमेऱ्यात हेजहॉगची एक मादी तोंडात सुकं गवत धरून त्याच ढिगात शिरताना दिसली होती. हेजहॉग म्हणजे मोठ्या घुशीएवढा काटेरी प्राणी, रात्रीचा हिंडणारा, किडे-गोगलगाई खाणारा. मादी सुमारे महिनाभरात विते, बहुधा चार-पाच पिल्लं. ती जन्मतात तेव्हा काटे कातडीखाली असतात आणि वरची कातडी पाण्यानं फुगलेली असते, म्हणून आईला इजा होत नाही. काही तासांत ते पाणी शोषलं जातं आणि पांढरे काटे वर येतात. इतकी वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला ह्या व्यवस्थेबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही.

पण ह्याच आईला पहिल्या दिवसांत कुणी छेडलं, घरटं उघडं पाडलं, तर ती पिल्लं टाकून जाते, कधी खाऊनही टाकते. हे मी ह्यांना सांगितलं. ते फळीवर हात तसाच ठेवून म्हणाले, "मग मी नुसतं बघून झाकून ठेवतो."

"नाही," मी म्हटलं.

ढीग राहिला. त्याच्याभोवतीचं गवत राहिलं, तण राहिलं. कुंपणही कापायचं नव्हतंच, कारण त्यात ब्लॅकबर्डची जोडी होती. सह्याद्रीतल्या कस्तुराच्या नात्यातला हा पक्षी; नर काळाभोर, चोच पिवळी, मादी मातकट. वापरातलं घरटं मोडणं १९८१च्या वन्यजीव कायद्यानं इथे गुन्हा आहे, म्हणून मार्च ते ऑगस्ट कुंपणाला कात्री लावू नये असं सगळेच सांगतात. सांगतात सगळे, पाळतात थोडे. त्या महिन्यात आमच्या गल्लीतली प्रत्येक बाग नुकतीच दाढी केल्यासारखी दिसत होती आणि आमची तेवढी बैराग्याची.

शेजारच्या आजीबाईंनी एकदा विचारलं, तब्येत बरी आहे ना दोघांची? मग मी त्यांना ढिगाची गोष्ट सांगितली. त्यांना एवढा आनंद झाला की रात्री त्यांनी दूध-पाव बाहेर ठेवला. हेजहॉगला दूध पचत नाही, जुलाब होतात. ते समजावून मांजराचं डब्यातलं खाणं आणि पाणी ठेवायला सांगितलं. मधल्या लाकडी कुंपणाला तळाशी तेरा सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडायलाही त्यांनी परवानगी दिली. रात्रीत किलोमीटरभर सहज चालणाऱ्या प्राण्याला एक बाग पुरत नाही. भोक ह्यांनी पाडलं, कडा पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केल्या, वर वंगण द्यायचं तेवढं राहिलं. हाताला काम मिळालं म्हणून गडी खूश.

माहेरच्या, सांगलीच्या बातम्या ह्या सगळ्यात रोज येत होत्या. कोरोनामुळे दोन वर्षं पायी वारी झाली नव्हती, त्यामुळे दादा इरेला पेटला होता. लोणंदला पालखीत सामील झाला आणि रोज संध्याकाळी फोटो पाठवू लागला: फलटण, रिंगण, कुणाच्या तरी ट्रकची सावली, पायाचे फोड. मुंबईत सरकार पडलं त्या दिवशीही त्यानं फक्त फोडाचा फोटो पाठवला. भाचा कॅनडाच्या व्हिसाची वाट बघत होता. आत्तेभावानं जुन्या घराच्या वाटणीचा विषय पुन्हा काढला होता, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आईची मात्र काही बातमी नव्हती. "आई बरी आहे, झोपलीय," एवढंच. हे वाक्य मी स्वतः नातेवाइकांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की त्यात काय असतं ते मला कळतं. पण आपल्या घरचं आलं की ऐकू येत नाही.

आषाढी झाली, दहा जुलैला. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. आई जूनच्या शेवटी न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. वहिनीनं आणि भाच्यानं तिला मिरजेला नेलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, खुब्यात अर्धा सांधा नवीन बसवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभीसुद्धा केली. आता घरी आली होती. दादाला हे पंढरपुरात दर्शन झाल्यावर कळलं, मला त्यानंतर.

मला राग आला. नव्वदीच्या बाईचा खुबा, त्या वयात भूल, रक्ताच्या गुठळ्यांची भीती, आणि मला कुणी विचारत नाही? मी वहिनीला तसं बोललेही. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "वन्सं, तुम्ही दोघं येऊन काय करणार होता? एक जण टाळ वाजवणार, एक जण प्रश्न विचारणार."

हे उठून बाहेर गेले. हसू आवरत नव्हतं, म्हणून गेले हे मला मागाहून कळलं.

मग व्हिडिओवर आई. चेहरा उतरलेला, पण नजर जागेवर. खुब्याबद्दल चकार शब्द नाही. "पाऊस आहे का गं तिकडं?"

"नाही, आई. थेंब नाही."

"मग हितला ने की थोडा."

पावसाचं खरंच अवघड होतं. तो जुलै इंग्लंडात १९३५ नंतरचा सगळ्यात कोरडा जुलै ठरला. हिरवळ वाळून पिवळी झाली, जमीन भेगाळली, गांडुळं खोल गेली आणि ब्लॅकबर्डना पिल्लांसाठी खाणं मिळेना. दक्षिणेत पुढे बागेला पाइपनं पाणी घालायची बंदी आली, आमच्या भागात ती झाली नाही. आणि त्याच महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर भाचा आयर्विन पुलाची पाणीपातळी टाकत होता. सांगलीत पावसाळ्यात घरटी कुणाला तरी ती तोंडपाठ असते: चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ला पाणी सत्तावन्नच्या वर गेलं होतं, तेव्हा आमच्या माहेरी ते पहिल्या मजल्याच्या जिन्याला लागलं होतं. ह्या वर्षी तसं काही झालं नाही. तरी मी सकाळी उठून आधी पुलाचे फूट बघायची आणि मग पिंपात पावसाचं पाणी किती इंच उरलंय ते.

लेकीचे दिवस जुलैच्या अखेरचे होते. ती ब्रिस्टलला असते. तिनं आधीच बजावलं होतं, "आई, तू ये, पण लेबर रूममध्ये तू नकोस. तू आलीस की तिथल्या मिडवाइफकडेच बघत बसशील." खोटं नव्हतं. मी आठवडाभर आधी गेले, कारण हवामान खात्यानं सोमवार-मंगळवारी, १८ आणि १९ जुलैला, उष्णतेचा लाल इशारा दिला होता. असा इशारा ह्या देशात पहिल्यांदाच निघाला. गरज नसेल तर गाडीनं जाऊ नका, असं रेल्वेच सांगत होती. १९ तारखेला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले. ह्या देशात पारा चाळिशीपार गेल्याची ती पहिली वेळ. सांगलीच्या माणसाला आकड्याचं काही वाटत नाही. पण इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, छताला पंखा नाही, खिडकी निम्मीच उघडते. टेबलफॅन दुकानातून आधीच संपले होते.

लेकीला नेमक्या १८च्या दुपारी कळा सुरू झाल्या. ती आणि जावई गेले. मी त्यांच्या घरात, पडदे ओढून, फोन समोर ठेवून. माझ्या वॉर्डात अशा किती आया बाहेर बसलेल्या असायच्या, त्यांना मी चहा घ्या म्हणून सांगायची. चहानं काही होत नाही. त्या रात्री मी लेकीच्या घरातल्या बाळाच्या सगळ्या कपड्यांच्या पुन्हा घड्या केल्या, नंतर जावयाचे मोजेही जोडीनं लावून ठेवले. मध्यरात्र उलटल्यावर फोन आला. मुलगा, ३.१ किलो, दोघं ठीक. मी पहिला प्रश्न विचारला तो ॲपगार, म्हणजे जन्मल्यावरच्या तपासणीचे गुण, किती. जावयाला त्यातलं काही कळलं नाही. लेक पलीकडून म्हणाली, "नऊ, आई. नऊ. आता झोप."

पुढचे दिवस आमच्या दोघांत फोनवर जी देवाणघेवाण चालायची ती परक्यानं ऐकली असती तर गोंधळला असता. मी सांगायची, चार तासांत तीनदा प्यायला, लंगोट दोनदा ओला. हे सांगायचे, रात्री दोन दहाला मादी, एकटी, पाणी पिऊन गेली. ह्यांनी कारखान्यातल्या पाळीच्या वहीसारखी वही घातली होती. १९ जुलैचं पान मी नंतर वाचलं: "दुपारी ३. सावलीतली बशी पुन्हा भरली. आत खडे टाकले, माश्या बुडत होत्या. ब्लॅकबर्ड मादी कुंपणाखाली पंख पसरून, चोच उघडी. पिल्लू जमिनीवर, रुबार्बच्या पानाखाली. उचललं नाही." 'उचललं नाही'च्या खाली दोन रेघा होत्या.

ब्लॅकबर्डची पिल्लं धड उडता यायच्या आधीच घरटं सोडतात आणि काही दिवस जमिनीवर लपून राहतात. आईबाप तिथे येऊन भरवतात. लोकांना वाटतं पडलं बिचारं, आणि खोक्यात घालून घरात नेतात. ह्यांनी नेलं नाही. मांजर येऊ नये म्हणून संध्याकाळपर्यंत खुर्ची टाकून त्या उन्हात बसले, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. चाळिशीच्या उन्हात सत्तरीच्या माणसानं असं बसावं का, हा प्रश्न मी फोनवर विचारला. ह्यांनी विचारलं, बाळाचं वजन?

वजन कमी झालं होतं, तसं ते होतंच. पहिल्या दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्माच्या वजनावर परत येतं. हे मी आयुष्यभर आयांना सांगितलं, आणि लेकीनं रात्री तीनला विचारलं तेव्हाही सांगितलं, पण स्वतःच्या नातवाच्या बरगड्या मोजण्यावाचून मला राहवलं नाही. तिच्या खोलीत बाळासाठीचा थर्मामीटर होता. इथे बाळाच्या खोलीचं तापमान सोळा ते वीस अंश ठेवावं असं सांगतात; तो अठ्ठावीस दाखवत होता आणि ती त्याच्याकडे बघून रडत होती. मी तो उचलून कपाटात ठेवला. बाळाला नुसत्या लंगोटावर ठेवलं, खिडक्या रात्री उघडल्या, दूध मागेल तेव्हा पाजायला लावलं. अंगावर पिणाऱ्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही. सांगलीहून धुरी, शेगडी, बाळगुटी अशा सूचना येत होत्या. अठ्ठावीस अंशांच्या खोलीत शेगडी! हळिवाच्या लाडवांना मात्र मी नाही म्हटलं नाही; लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानात हळीव मिळतो, तो मी येतानाच बांधून आणला होता.

ऑगस्टमध्ये परतले तेव्हा बागेत हिरवं काही उरलं नव्हतं. शेडच्या भिंतीला बाहेरून एक पक्ष्यांची पेटी आहे, तिच्यात त्या वर्षी बंबलबी राहायला आल्या होत्या. तपकिरी पाठ, पांढरं बूड. ही जात युरोपातून इथे २००१ला पोचली, म्हणजे आमच्याहून नवखी. उन्हाच्या दिवसांत त्यांतल्या काही जणी दारात उभ्या राहून पंखांनी आत वारा घालत होत्या, असं वहीत होतं. बहुतेक आता गेल्या असतील, हे म्हणाले. पेटी उघडून बघू का, असंही म्हणाले.

मी ड्रॉवरमधून माझा पिनार्ड काढला. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं लाकडी नळकांडं. एक टोक पोटावर, एक कानाला, मध्ये वायर नाही की बॅटरी नाही. डॉप्लर आल्यापासून नव्या मुली तो फारसा वापरत नाहीत. शेडमध्ये आतून, जिथे बाहेर पेटी ठोकली आहे तिथल्या फळीवर तो टेकवला आणि कान लावला. आधी नुसतं लाकूड. मग खालच्या पट्टीतला एक आवाज, मधूनच वाढणारा, मधूनच थांबणारा. थोड्या अजून होत्या. मी पिनार्ड ह्यांच्या हातात दिला. कान लावला तसे हे हात उंच करून मला गप्प बसवू लागले, मी काही बोलत नसताना.

त्याच आठवड्यात, १२ ऑगस्टला, आमच्या ईस्ट मिडलंड्समध्ये सरकारी दुष्काळ जाहीर झाला. आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी हेजहॉगचं एक पिल्लू वाळक्या हिरवळीवर गोल गोल चालताना दिसलं. रात्रीचा प्राणी दुपारी उघड्यावर लटपटतोय म्हणजे तो अडचणीत आहे. जवळ गेले तर काट्यांच्या मुळाशी माश्यांनी पांढरी अंडी घातलेली. इथे थांबायचं नसतं. मी बागेचे हातमोजे घातले, उचललं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर परडी ठेवून वजन केलं: १६० ग्रॅम. खोक्यात टॉवेल घातला आणि गरम पाण्याची पिशवी भरली.

"अगं, बाहेर एवढं उकडतंय!"

"अशक्त जिवाला स्वतःची ऊब धरता येत नाही. तुम्ही चिमटा आणा, बारीक टोकाचा."

चिमटा ह्यांच्याकडे होता, सुया सरळ करायचा. मी पिल्लू धरलं आणि ह्यांनी चष्म्यावर चष्मा लावून एकेक अंडं काढलं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेली ही पहिलीच केस. हेजहॉगची शुश्रूषा करणाऱ्या गृहस्थांना फोन केला, त्यांनी ऊब आल्याशिवाय खायला देऊ नका, घेऊन या, म्हणून सांगितलं. त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे अशी उपाशी पिल्लं ओळीनं आली होती. ब्रिटनमधले हेजहॉग २०२०पासून धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. ह्यांच्या वहीत तेव्हापासून एक नवा रकाना पडला.

दुसरा रकाना नातवाचा होता. लेक दर आठवड्याचं वजन कळवायची, गृहस्थ कळवायचे पिल्लाचं. गणपतीत नातू चार किलोच्या पुढे गेला, पिल्लू पावशेराच्या. आई वॉकरशिवाय दारापर्यंत चालली, तेही ह्यांनी तारीख घालून लिहिलं.

सप्टेंबरच्या अखेरीला पिल्लू परत आलं, कारण जिथे सापडलं तिथेच सोडायचं असतं. ह्यांनी हट्टानं आमच्याच काट्यावर पुन्हा तोललं: ६१० ग्रॅम. थंडी काढायला पुरेसं. अंधार पडल्यावर ढिगापाशी ठेवलं, ते चालतं झालं, भोकातून शेजारी गेलं.

राहिला काटा. मी तो स्पिरिटनं दोनदा पुसला आहे. ह्यांचं म्हणणं, यंत्र स्वच्छ झालं की झालं. लेक म्हणते, नवा आणा, त्यावर आता कणीक मोजायची नाही. शेवटी वहिनीचं मत विचारलं.

"वन्सं," ती म्हणाली, "कणीक कुणी मोजतं का?"